त्या कुत्र्याला माहीत असतं का, की तो बाबा आहे?

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा पंधरा दिवस आमच्याकडे मुलुंडला राहायला आला होता. वय वर्षं सात. त्याचे बाबा जहाजावर असतात, सहा-सहा महिने घरी नसतात. एका दुपारी बाहेर ऊन रणरणत होतं म्हणून आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. हिंदीत डब केलेला सिनेमा लागला होता, २००६ सालचा ‘द शॅगी डॉग’. टिम ॲलनने त्यात एका सरकारी वकिलाचं काम केलंय, घरासाठी कधीच वेळ नसलेल्या बापाचं. तिबेटहून आणलेला, तीनशे वर्षं वयाचा एक कुत्रा त्याला चावतो आणि वकीलसाहेब स्वतःच झिपऱ्या केसांचा कुत्रा होतात.

भाचा हसून हसून लोळत होता. बाप नाश्त्याच्या टेबलावर बशीत तोंड घालून खातो तेव्हा तर त्याला ठसकाच लागला. मग कुत्रा झालेला बाप घरच्यांकडे बघत बसतो असा एक शॉट आला आणि हा एकदम गप्प झाला.

“मावशी, त्या कुत्र्याला माहितीये का, की तो बाबा आहे?”

“नाही रे, त्याला कसं माहीत असेल?”

“मग मला कसं कळलं?”

मी डबिंगच्या स्क्रिप्ट लिहिते. परदेशी सिनेमातले संवाद मराठी-हिंदीत आणायचे, पडद्यावरच्या ओठांना बसतील असे, हे माझं रोजचं काम. बारा वर्षं अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये काढली, तरी या प्रश्नाचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. त्या दुपारी अर्धंमुर्धं काहीतरी सांगितलं. आता नीट सांगते, कारण प्रश्न मोठा आहे. कुत्रा अभिनय करत नाही, त्याला गोष्ट माहीत नाही, त्याचं लक्ष खिशातल्या चिकनच्या तुकड्याकडे आहे, आणि तरी सात वर्षांच्या मुलाला त्याच्यात बाप दिसतो. हे होतं कसं?

आधी गोष्टीचं गणित बघू. अशा सिनेमांचा एकच कायदा असतो: मन माणसाचं, शरीर जनावराचं आणि घरात कुणालाच पत्ता नाही. समजा, आपणच असा सिनेमा करतोय. लालबागच्या चाळीत एक बाबा राहतात. फोर्टात नोकरी, करी रोडहून ८:१२ची लोकल, घरी आल्यावर टीव्हीचा रिमोट. मुलगी काही सांगायला आली की “नंतर” हा एकच शब्द. एका सकाळी ते उठतात ते गल्लीतला तपकिरी कुत्रा होऊन. आता बघा, बापाचा बापपणा घरात कशावर चालतो? आवाजावर, हातावर आणि उंचीवर. आवाज चढवला की घर गप्प होतं. पाकीट, किल्ली, रिमोट हातात असतात. आणि मुलाने मान वर करून बोलायचं असतं. कुत्रा झाल्याबरोबर तिन्ही गोष्टी एका झटक्यात गेल्या. दार उघडता येत नाही, “मी आहे!” असं ओरडलं की भुंकणं ऐकू येतं, आणि मुलगी आता वरून खाली बघते. उरतात फक्त कान. ज्या माणसाने वर्षानुवर्षं ऐकलं नाही, त्याला आता ऐकण्यावाचून दुसरं कामच नाही.

म्हणून या गोष्टीत बहुतेक वेळा आई-बापच जनावर होतात. गंमत म्हणजे सुरुवात अशी नव्हती. १९५९ साली डिस्नीने ‘द शॅगी डॉग’ पहिल्यांदा काढला तेव्हा कुत्रा व्हायचा तो मुलगा. बाप होता निवृत्त पोस्टमन आणि त्याला कुत्र्यांचा मनस्वी तिटकारा. १९७६च्या दुसऱ्या भागात तोच मुलगा मोठा होऊन वकील झालाय, आणि आता या वयात पुन्हा कुत्रा होतोय. २००६पर्यंत तर सगळी गोष्टच बापाची झाली. पोरगं कुत्रा झालं की खोड्या होतात, पण बाप कुत्रा झाला की घराची सगळी मांडणीच उलटी होते. मला वाटतं, सिनेमावाल्यांना हे कळायला थोडा वेळ लागला.

आपल्याकडे हे कधीचंच माहीत होतं. महाभारताच्या वनपर्वात भीमाला एक अजगर विळखा घालतो. भीमाचं बळ तिथे चालत नाही. युधिष्ठिर शोधत येतो आणि कळतं, की हा अजगर म्हणजे पांडवांचाच पूर्वज, राजा नहुष. इंद्रपद मिळाल्यावर त्याने ऋषींना पालखीला जुंपलं आणि “सर्प, सर्प”, म्हणजे “चल, चल लवकर”, असं म्हणत अगस्त्यांना लाथ मारली. अगस्त्य म्हणाले, मग सर्पच हो. नहुषाची सुटका कशाने होते? वंशातल्या मुलाने त्याच्या प्रश्नांना नीट उत्तरं दिल्याने. आणि शेवटी, महाप्रस्थानाच्या वाटेवर, युधिष्ठिराच्या मागून एक कुत्रा चालत राहतो. बायको गेली, भाऊ गेले, कुत्रा आहे. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, याला सोड आणि चल. युधिष्ठिर म्हणतो, माझ्या आश्रयाला आलेल्याला मी सोडणार नाही. तेव्हा कुत्रा आपलं खरं रूप दाखवतो: तो धर्म असतो, युधिष्ठिराचा बाप. या प्रसंगाकडे आपण नेहमी युधिष्ठिराची परीक्षा म्हणून बघतो. मला मात्र त्या बापाचं फार वाटतं. एवढी वाट मुलाच्या मागे मुक्याने चालला, एका शब्दाने “मी आहे” म्हणाला नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. पडद्यावरचा कुत्रा बाप कसा वाटतो?

शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. मोझ्झुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एक शॉट घेतला, चेहऱ्यावर काहीही भाव नाही असा. तो एकदा सूपच्या बशीच्या शॉटला जोडला, एकदा शवपेटीच्या शॉटला, एकदा एका सुंदर बाईच्या शॉटला. बघणाऱ्यांना पहिल्यात भूक दिसली, दुसऱ्यात दुःख, तिसऱ्यात इच्छा. नटाचं त्यांनी कौतुक केलं. चेहरा तिन्ही वेळा तोच होता. भाव चेहऱ्यावर नव्हता. दोन शॉटच्या मधल्या सांध्यात होता, आणि तो सांधा भरला होता बघणाऱ्याने.

संकलनाच्या टेबलावर बसलेला कुठलाही माणूस हे रोज करतो. जनावराच्या बाबतीत तर दुसरा इलाजच नाही. आपल्या लालबागच्या सिनेमात हे असं होईल. शॉट एक: मुलगी खाटेवर बसून मैत्रिणीला फोनवर सांगतेय, “बाबांना सांगून काय उपयोग, ते ऐकतच नाहीत.” शॉट दोन: कुत्रा उंबऱ्यात बसलाय, बघतोय. बस. कुत्र्याने काही केलेलं नाही, पण त्या दोन सेकंदांत थिएटरमधल्या प्रत्येक बापाच्या पोटात गलबलेल. आता मधला कुत्र्याचा शॉट तोच ठेवून आधीचा शॉट बदला: मुलगी ताटात भजी घेऊन बसलीय. आता त्याच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसेल. मला हे पहिल्यांदा एका संकलकाने संगणकावर शॉट इकडचे तिकडे करून दाखवलं, तेव्हा अंगावर काटा आला होता. कुत्र्याचा एकच तुकडा त्याने चार ठिकाणी लावला आणि चारही ठिकाणी कुत्र्याने वेगळा ‘अभिनय’ केला.

आपल्या पिढीला हे दुसरीकडूनही माहीत आहे. १९९३ साली ‘झपाटलेला’मध्ये रामदास पाध्यांचा बाहुला तात्या विंचू झाला. बाहुला तो, त्याला राग येणार कुठून? तरी आम्ही भावंडं रात्री गादीखाली वाकून बघायचो.

तरी कुत्रा आणि बाहुला यांच्यात एक फरक आहे, आणि तो कुत्र्याच्या बाजूने आहे. २०१९ साली शास्त्रज्ञांनी कुत्रे आणि लांडगे यांच्या चेहऱ्याचे स्नायू ताडून पाहिले. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची भुवई वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांमध्ये ठसठशीत सापडला. लांडग्यांमध्ये त्या जागी जेमतेम थोडे तंतू. भुवई अशी उचलली की डोळे मोठे आणि केविलवाणे दिसतात. हजारो वर्षं माणसासोबत राहताना, जी जनावरं असं बघायची त्यांना माणसाने जवळ केलं असणार, असा त्यावरून अंदाज बांधतात. म्हणजे सांधा भरायला प्रेक्षक बसलेलाच आहे, आणि कुत्रा त्याला थोडा हात देतो. मांजर देत नाही. म्हणून मांजर झालेला बाप पडद्यावर नेहमी तिरसट वाटतो आणि कुत्रा झालेला बाप बिचारा.

मग सेटवर नेमकं काय चालतं? ट्रेनर कॅमेऱ्याच्या भिंगाला खेटून उभा असतो, कधी भिंगाखाली आडवा पडलेला. हातात खाऊ, तोंडात शिट्टी किंवा बोटात क्लिकर. हवी ती गोष्ट केली की ‘टिक्’ आणि लगेच तुकडा. त्या टिक्ला कुत्रा शिकलेला असतो. जमिनीवर छोटी खूण असते, तिला मार्क म्हणतात, तिथे येऊन थांबायचं. कुत्रा मुलीकडे प्रेमाने बघताना दिसतो तेव्हा मुलगी तिथे नसतेच. तिच्या जागी ट्रेनरची मूठ असते. मान तिरकी करून ‘विचार’ करतो तेव्हा कुणीतरी कॅमेऱ्यामागून अनोळखी आवाज काढलेला असतो. एक भूमिका एकाच कुत्र्याने केली असंही सहसा नसतं. एकसारखे दिसणारे दोन-तीन असतात: एक धावण्यात हुशार, एक शांत बसण्यात, एक भुंकण्यात. १९९५च्या ‘बेब’मध्ये डुकराच्या एका पिल्लाच्या भूमिकेसाठी ४८ पिल्लं वापरली होती, कारण डुकराची पिल्लं इतकी भराभर वाढतात की शूटिंग संपायच्या आत नायक दुप्पट झालेला असतो.

रूप बदलण्याचा प्रसंग, ज्याची पोस्टरवर सगळ्यात जास्त जाहिरात असते, तो खरं तर या सगळ्यात सोपा. १८९६च्या सुमाराला फ्रान्सच्या मेलिएस या दिग्दर्शकाने युक्ती काढली: कॅमेरा थांबवा, माणूस हलवा, त्या जागी दुसरं काही ठेवा, कॅमेरा सुरू करा. ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा पडद्यावरचे चमत्कार याच घराण्यातले होते. आज संगणकावर केसागणिक बदल दाखवता येतो. मी असा सिनेमा केला तर मोरीचं दार बंद होताना दाखवीन, आतून बादली पडल्याचा आवाज, आणि दार ढकलून कुत्रा बाहेर. विनोदाला एवढंच पुरतं.

संगणकाचं खरं काम लागतं ते जनावर बोलायला लागलं की. इथे मी माझ्या घरात आले, म्हणून थोडं थांबते.

प, फ, ब, भ, म हे आपले ओष्ठ्य वर्ण. हे उच्चारताना दोन्ही ओठ मिटावेच लागतात. आरशासमोर म्हणून बघा. ओठ न मिटता ‘पाणी’ म्हणताच येत नाही. पडद्यावर ओठ मिटलेले दिसले आणि कानावर ‘पाणी’च्या जागी ‘जल’ आलं, तर प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून आम्ही डबिंगवाले आधी मिटणारे ओठ मोजतो आणि मग शब्द शोधतो. आता इंग्रजीतला ‘डॅड’ घ्या. ओठ एकदाही मिटत नाहीत. त्यावर बसवायचंय ‘बाबा’, दोनदा ओठ मिटणारं. उलट ‘मॉम’ला दोन्ही टोकांना ओठ मिटतात, आणि आपली ‘आई’ पूर्ण उघड्या तोंडाची. अगदी उलटं गणित! त्यामुळे पडद्यावर मुलगा मोठ्या क्लोजमध्ये ‘डॅड’ म्हणाला की आमच्या पोटात गोळा येतो. मग ‘बाबा’ त्याची पाठ दिसते तिथे सरकवायचं, नाहीतर ‘अहो’ने वेळ मारून न्यायची. आई-बापाला मारलेली हाक म्हणजे अशा सिनेमाचा प्राण, आणि तीच बसत नाही.

कुत्र्याचं तर विचारूच नका. त्याचे ओठ माणसासारखे पुढे येऊन मिटत नाहीत. त्याच्या तोंडून ‘बाबा’ हा शब्द निघणं शरीराच्या हिशेबानेच अशक्य. म्हणून बोलणारा कुत्रा करायचा तर खरा कुत्रा चित्रित करतात, त्याच्या डोक्याच्या हालचालीचा चौकटीगणिक माग काढतात, संगणकात त्याचा जबडा आणि नाक नव्याने घडवतात आणि खऱ्यावर चिकटवतात. सेकंदाला २४ चौकटी. दीड तासाच्या सिनेमात १,२९,६०० चौकटी होतात. त्यातला बोलण्याचा भाग थोडा असला तरी एकेका वाक्यामागे लोकांचे आठवडे जातात. ‘बेब’ला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं ते खरी पिल्लं, यांत्रिक पिल्लं आणि संगणकी जबडे असं सगळं एकजीव केल्याबद्दल. एवढं करूनही धोका राहतोच. मासाहिरो मोरी या जपानी संशोधकाने १९७० साली सांगून ठेवलंय, की माणसासारखं दिसणारं यंत्र आवडत जातं, आवडत जातं, आणि अगदी जवळपास माणसासारखं झालं की एकदम नकोसं वाटतं. माणसासारखे दात दाखवत बोलणारा कुत्रा नेमका त्या खड्ड्यात पडतो. भाच्याला असला एक सिनेमा दाखवला होता, तो उठून आतच गेला.

म्हणून जाणती मंडळी मधला रस्ता घेतात: कुत्र्याचं तोंड बंद आणि बापाचा आवाज फक्त आपल्याला ऐकू येतो, मनातला. डबिंगला ही पर्वणी. ओठांचं बंधन नाही, हवं ते मराठी लिहा. लालबागचा बाबा मनातल्या मनात “अगं ए, गॅस बंद कर, दूध उतू जातंय!” म्हणू शकतो, आणि घरच्यांना ऐकू येतं नुसतं केकाटणं. सिनेमात एकाच वाक्याचे दोन आवाज असे शेजारी शेजारी ठेवले, की हसू आणि कळ एकत्रच येतात.

ऐकण्याजोगा आणखी एक आवाज असतो, तो म्हणजे नखांचा. कुत्रा चालताना फरशीवर होणारी टकटक शूटिंगच्या वेळी कधीच नीट येत नाही. ती नंतर फॉली कलाकार, म्हणजे सिनेमातले असे बारीक आवाज हाताने करणारा माणूस, करतो, हातमोज्यांच्या बोटांना खोटी नखं लावून, लादीच्या तुकड्यावर दोन्ही हात चालवत. मी एकदा काचेपलीकडून बघितलंय. पन्नाशीचे गृहस्थ, डोळे पडद्यावर, दोन हातांनी चार पाय चालवतायत. पडद्यावर कुत्रा मुलीच्या दाराशी येऊन थांबला, तेव्हा त्यांनी शेवटचं पाऊल किंचित उशिरा टाकलं. त्या उशिरात संकोच होता. पुढे जाऊ की नको, असं विचारणारा. कुत्र्याने तो दिलेला नव्हता, दिग्दर्शकाने मागितलेला नव्हता.

कॅमेऱ्याची उंचीही अशीच बोलते. बाप कुत्रा झाला की कॅमेरा गुडघ्याखाली येतो. दहा बाय बाराच्या खोलीत तिथून काय दिसतं? खाटेखालची ट्रंक. सिलेंडरची नळी. ओट्याच्या तळाचं पिंप. आणि पाय. घरात हा माणूस वीस वर्षं राहिला, पण बायकोच्या टाचांना पडलेल्या भेगा त्याने कधी बघितल्या नव्हत्या. त्या आता त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आहेत, आणि त्या दिवसभर ओटा ते मोरी, मोरी ते ओटा अशा फिरतायत. संवादाची गरज नाही. कॅमेरा तीन फूट खाली आणला, काम झालं.

हे सगळं करताना एक जीव राबत असतो, त्याच्याबद्दल बोललंच पाहिजे. कुत्रा जांभई देतो, जीभ ओठांवरून फिरवतो, कान मागे टाकतो, आणि आपल्याला ते लाडिक वाटतं. पुष्कळदा तो ताण असतो. दिव्यांखाली जीभ बाहेर काढून ‘हसणारा’ कुत्रा उकाड्याने धापा टाकत असतो. विनोदी प्रसंगात त्याने मुलांचं चॉकलेट खाल्लेलं दाखवतात. खरं चॉकलेट कुत्र्याला विषासारखं आहे. कांदा, द्राक्षंही तशीच. आपल्या लालबागच्या बाबांना वडा-पाव खाताना दाखवायचं असेल, तर तो वडा कांदा, लसूण, मिरची नसलेला, उकडलेल्या बटाट्याचा नकलीच करावा लागेल.

आपल्या देशात याला कायदा आहे, आणि त्यामागे एक नर्तकी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचं खासगी विधेयक त्यांनी मांडलं. त्यातून पुढे १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला आणि १९६२ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. सिनेमात जनावर वापरायचं तर या मंडळाची आधी परवानगी लागते, आणि सिनेमा पुरा झाल्यावर ना-हरकत दाखला. त्याशिवाय सेन्सॉर पुढे जात नाही. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याकडून खेळ करून घ्यायला तर बंदीच आहे. पोपट आपल्याकडचा असेल तर तो १९७२च्या वन्यजीव कायद्यात येतो, त्याला पिंजऱ्यातही ठेवता येत नाही. म्हणजे आपल्याकडच्या आईला अस्वल व्हायचं असेल तर तिने संगणकातच व्हावं. म्हणून हल्ली हिंदी सिनेमात जनावर आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ‘सीजीआय’, म्हणजे संगणकावर घडवलेलं चित्र, ही अक्षरं उमटतात. काही लोकांना ती रसभंग वाटतात. मला ती बघून बरं वाटतं; कुणालातरी उन्हात उभं राहावं लागलं नाही.

आता शेवटचा भाग, ज्याच्यासाठी अशा सिनेमाची सगळी उठाठेव असते: ओळखण्याचा प्रसंग. घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा मूल, त्या जनावराकडे बघून म्हणतं, हा तोच. पिक्सारच्या २०१२च्या ‘ब्रेव्ह’मध्ये अस्वल झालेली आई आधी डहाळ्यांचे काटे-चमचे करून शिष्टाचाराने खाते, डोक्यावर मुकुट सांभाळते, आणि माणूसपण हरवायला लागलं की तिचे डोळे काळे होतात, खऱ्या अस्वलासारखे. मुलगी डोळ्यांवरून ओळखते आई आत आहे की गेली. हयाओ मियाझाकींच्या २००१च्या ‘स्पिरिटेड अवे’मध्ये तर परीक्षाच आहे. आई-बाबा डुकरं झालेत. शेवटी चेटकीण पोरीपुढे डुकरांचा कळप उभा करते आणि म्हणते, यातले तुझे आई-बाप ओळख. पोरगी बघते आणि सांगते, यात ते नाहीतच. आणि ते बरोबर असतं. कशावरून, हे सिनेमा सांगत नाही.

आमचे बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. दहाव्याला आम्ही वाळकेश्वरला बाणगंगेवर होतो. पिंड ठेवला, कावळे कठड्यावर बसले होते, खाली उतरेनात. काकांनी सांगितलं, घराचं कर्ज फेडू. नाही. आईला सांभाळू. नाही. ऊन चढत चाललं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले. तेवढ्यात माझी धाकटी बहीण, भाच्याची आई, पुढे झाली आणि हळूच म्हणाली, “बाबा, तुमचा रेडिओ कुणाला देणार नाही.” एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. काका रडले. आई हसली, त्या दहा दिवसांत पहिल्यांदाच. त्या कावळ्याला माहीत होतं का? भाच्याला दिलं तेच उत्तर मी तिथेही दिलं असतं. पण कुलेशोव्हचा प्रयोग मी वाचते तेव्हा मला ती सकाळच आठवते: आधी बहिणीचा चेहरा, मग कावळा.

भाच्याला मी त्या दुपारी एवढंच सांगितलं होतं, की कुत्र्याला माहीत नव्हतं, तू ठरवलंस. त्याने ते ऐकून घेतलं. संध्याकाळी आम्ही दूध आणायला खाली उतरलो. आमच्या फाटकाशी एक तपकिरी कुत्रा कायम बसलेला असतो. भाचा त्याच्यासमोर उकिडवा बसला, त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं आणि त्याचे बाबा जहाजावरून फोन करताना सुरुवातीला वाजवतात तशी शिट्टी वाजवली, दोन छोट्या, एक लांब. कुत्र्याने एक कान उचलला. भाचा थांबला. पुन्हा वाजवली. कुत्रा माश्या मारायला लागला.

“हा नाहीये,” तो उठत म्हणाला, अगदी खात्रीने, आणि हातातलं उरलेलं ग्लुकोज बिस्कीट त्याच्यासमोर ठेवलं.